डी ड्राइव्ह नाही यात

जुना तपकीर गल्लीतला.
मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम समोरच्यातून,
कॅबिनेट कुणाचं तरी परत आलेलं, म्हणून चारशे कमी.
एप्रिलमध्ये त्याचा एका बाजूचा पत्रा काढून
मी टेबल फॅन त्याच्याकडे वळवायची
आणि स्वतः ओढणीने वारा घेत
नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसायची,
क्लोन टूलने.

नवा पावशेर बर्फीच्या खोक्याएवढा.
वेदांगने आणून ठेवला, शेजारी नवा स्क्रीन,
म्हणाला, मावशी, हाच.
मी विचारलं, बाकीचा कुठाय?

आवाज नाही त्याला.
चालू आहे की बंद, ते कळेना, म्हणून
पहिल्या दिवशी त्याच्यावर हात ठेवला,
ताप बघतात तसा.
गार होता. म्हणजे बरा होता.

करंगळी अजून कंट्रोलवर जाते.
एकोणीस वर्षं तिचंच काम होतं ते,
कॉपी, पेस्ट, चुकलं तर मागे.
आता ते अंगठ्याकडे दिलंय.
ती सवयीने उठते, जागेवर जाते,
काही होत नाही,
परत येऊन बसते,
रिटायर झालेला माणूस
दहाच्या पीएमटीच्या थांब्यावर जाऊन येतो तशी.

डी ड्राइव्ह नाही यात.
सी पण नाही म्हणा, पण सी माझा कधी नव्हताच,
सी त्याचा होता. डी माझा.
फॉरमॅट मारा, काही करा, डीला हात लावू नका,
हे मी येणाऱ्या प्रत्येक पोराला दारातच सांगायची.
वेदांग म्हणतो, आता सगळं एकत्रच असतं.
कुठे, ते त्यालाही बोटाने दाखवता आलं नाही.

अल्बमवरची नावं फुटली.
जुना फॉन्ट इथे चालत नाही.
चि. सौ. कां.च्या जागी
डॉलर, टिंब, उलटा कंस, परत डॉलर.
बहिरटांची मुलगी कुणाकडे दिली
ते आता चेहऱ्यावरून ओळखायचं.

जुना मॉनिटर पिवळा होता.
किती पिवळा, ते मला माहीत नव्हतं.
मी प्रत्येक नवरीतून ते पिवळं काढत बसले,
थोडं थोडं निळं घालत.
आता जुने फोल्डर उघडले तर
सगळ्या गारठलेल्या,
हळदीच्या दिवशीसुद्धा
स्वेटर द्यावा अशा.
एवढी घरं, एवढे अल्बम, कुणी काही बोललं नाही.
नाना पेठेतला रसाळ,
तोच छापताना मशीनवर दुरुस्त करत असणार,
मला न सांगता.
बिलात कधी लावलं नाही.

आणि एक्स्पोर्ट.
जुन्यावर चारशे फोटो लावले की
पाऊण तास त्याला हात लावायची सोय नव्हती.
मग मी शेजारी, जरीनाच्या दुकानात.
ती पिको थांबवायची, चहा अर्धा अर्धा.
तिच्या मुलीची बारावी, दोनदा,
माझ्या कोर्टाच्या तारखा,
तिच्या मशीनचा पट्टा, माझा थायरॉइड,
रास्ता पेठेतलं सगळं पाणी येणं न येणं
त्या निळ्या पट्टीच्या आत झालेलं.
सत्त्याण्णव टक्क्यांवर तो हमखास अडायचा.
खरं काय ते
आम्ही सत्त्याण्णवनंतर बोलायचो.

नव्याने परवा चारशे फोटो
मी चष्मा पुसेपर्यंत काढून दिले.

बसून राहिले.
भिंतीपलीकडून जरीनाचं मशीन ऐकू येत होतं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी ते
पंख्याच्या घरघरीत बुडायचं.
मग थांबलं.
ती दारात. काय गं, लावलंस का? किती झालं?

मी स्क्रीन जरा भिंतीकडे वळवला.
म्हटलं, छे, नवीन आहे ना, वेळ लागतोय.
सत्तावीस टक्के.
आधण ठेव, आलेच.